भागूचं पित्त

अव्वानं माझ्या ताटात शेंगांची चटणी वाढली, तशी बाहेर पायरीवर बसलेल्या भागूनं ओढणी नाकाला लावली. मी खिडकीतून ते बघितलं आणि मला नेहमीसारखा राग आला. तेव्हा मी इतकी थकलेली होते, की माझा राग म्हणजे नुसता एक सुस्कारा असायचा.

"आज तरी आत येऊन बस की गं," अव्वा तिला म्हणाली. "आठ महिन्यांनी तुझी अक्का चटणी खायलीय."

"मी इथंच बरी आहे, अव्वा. इथं वारं आहे."

"वारं आत पण येतंय. लग्न होऊन आठ वर्षं झाली, थेरं काही जाईनात पोरीची."

भागू असल्या बोलण्याला उत्तर देतच नसे. उमरग्याहून, सासरहून येताना आणलेला डबा मांडीवर घेऊन ती बसली होती. त्यात भाकरी, पिठलं आणि लोणच्याची एक फोड. माहेरी येताना स्वतःचा डबा आणणारी मुलगी अख्ख्या सोलापुरात ही एकच असेल, असं अव्वा गल्लीत सांगायची.

याला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा पस्तिशीची, भागू माझ्याहून चार वर्षांनी लहान.

अव्वा, आमची आई, शेंगांची चटणी करून विकायची. अप्पा गेल्यावर तिनं आम्हा दोघींना त्या उखळावर वाढवलं. शेंगदाणे भाजायचे, चोळून पाखडायचे, मग लसूण, तिखट, मीठ, जिरं घालून तेल सुटेपर्यंत कुटायचे. लाल फोलपटं घरभर उडायची. केसांत, अंथरुणात, वह्यांच्या पानांत फोलपटं. मी एका शाळेत क्लार्क होते, लग्न काही झालं नाही, त्यामुळं शाळेच्या आधी आणि शाळेच्या नंतर मुसळ माझ्याच हातात. भागू मात्र लहानपणापासून कुटायची वेळ झाली की गच्चीवर पळायची. डोळे चुरचुरतात म्हणायची, घसा आवळतो म्हणायची. घरात सगळ्यांच्या वाट्याला काम आणि हिच्या वाट्याला गच्ची. रात्री अव्वा थोपटायला गेली तर अंग चोरायची. "हात धुऊन ये, मग थोपट," म्हणायची. दिवसभर राबलेल्या बाईला पोटची पोर हात धुऊन ये म्हणते, हे अव्वाला फार लागलं. ती थोपटायचीच बंद झाली. पुढं भागूच्या सासूनं पहिल्याच महिन्यात घरातला शेंगदाणा काढून टाकला, तेव्हा अव्वा म्हणाली, "चांगली डोक्यावर बसवून घेतलीय. आम्हाला नाही जमलं ते."

मग मला ते दुखणं लागलं. हाडांच्या आत रक्त तयार होतं म्हणतात, ते माझ्या हाडांत तयार होईना. अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त, जिना चढले की अंधारी. बाटल्यांमागून बाटल्या रक्त चढवून झालं, नाकी नऊ आले, तेव्हा पुण्याच्या दवाखान्यातल्या मॅडम म्हणाल्या, बहिणीच्या स्टेम सेल जुळल्या तर बघू. भागूच्या जुळल्या. तिनं पाच दिवस इंजेक्शनं घेतली. त्यानं हाडं ठणकतात, ती ठणकली, पण तिनं हूं की चूं केलं नाही. मग चार तास दोन्ही हातांत सुया घालून ती मशीनशेजारी पडून राहिली. त्या पिशवीत जमलं ते माझ्या अंगात गेलं. माझा रक्तगट ओ होता, तो काही महिन्यांनी तिचा बी झाला.

"आता तुमच्या अंगात बहिणीचंच रक्त तयार होणार," मॅडम म्हणाल्या होत्या. अव्वाला ते फार आवडलं. "एकाच वेलाच्या शेंगा तुम्ही," ती म्हणाली. "इकडचं तिकडं झालं, त्यात काय."

पुढचे आठ महिने मी कुकरमध्ये शिजवलेलं पांढरंफटक अन्न खाल्लं. कच्चं काही नको, बाहेरचं नको, दही नको, लोणचं नको. शेंगदाण्याला बुरशी धरते म्हणून तो तर दारातसुद्धा नको. अव्वानं कुटायचं काम शेजारच्या काशव्वाच्या पत्र्याच्या शेडात नेलं होतं. त्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन आला, की औषधं आता कमी केलीत, रिपोर्ट चांगले आहेत, घरचं सगळं हळूहळू सुरू करा. अव्वानं लगेच उखळ घरी आणवलं. मी नको म्हणाले नाही. खरं सांगायचं तर मला जगण्यापेक्षा चटणीचीच जास्त आठवण येत होती.

कडक भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर चटणी, वर दही. पहिला घास तोंडात गेला आणि डोळ्यांत पाणी आलं. दुसरा घास घेतला. तिसऱ्याला जीभ खाजायला लागली.

"तिखट झालीय काय गं?" अव्वानं विचारलं.

"नाही. जीभच कशीतरी होयलीय."

"आठ महिने अळणी खाल्लं की असंच व्हायचं. दही घे वरनं."

मी दही घेतलं. जीभ तोंडात मावेनाशी झाली होती. तरी मी चौथा घास मोडला, कारण अव्वा समोर बसून बघत होती.

"अक्का," खिडकीतून भागूचा आवाज आला. ती उभी राहिली होती. "कान आतून खाजायलेत का?"

खाजत होते. मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

"तळहात बघ."

तळहात लालबुंद झाले होते.

"आता ओठ जड होतील," भागू म्हणाली. "मग पोटात पिळा येईल. मग घशात दोरा अडकल्यासारखं होईल. अक्का, थुंकून टाक ते."

ती सांगत गेली तसं होत गेलं. ओठ जड झाले, पोटात पिळा आला. मानेवर, दंडांवर गांधी उठल्या. अव्वा उठली आणि फडताळाकडं वळली.

"पित्त उठलंय. आमसूल भिजत घालते. भागू, माळ्यावरची घोंगडी काढ, गुंडाळू हिला."

भागू आत आली. जन्मात कधी चटणीच्या दहा हात जवळ न आलेली भागू, नाकाला ओढणी घट्ट बांधून स्वयंपाकघरात आली आणि माझ्यापुढचं ताट तिनं पायानं लांब सारलं. अन्नाला पाय लावलेला बघून अव्वा जागच्या जागी थिजली.

"घोंगडी नको," भागू म्हणाली. "रिक्षा बोलव."

"अगं पित्तावर कुणी रिक्षा..."

"अव्वा, तिचा आवाज ऐक."

मी काहीतरी बोलायला गेले, तर तोंडातून नुसती हवा आली, शिट्टी वाजल्यासारखी.

रिक्षात भागूनं मला ताठ बसवलं. अव्वा माझ्या दुसऱ्या बाजूला. ती रडत होती आणि माझ्या तोंडावरून हात फिरवायला बघत होती. त्या हातांना चटणी होती. भागूनं माझ्या मांडीवरून हात नेऊन अव्वाची दोन्ही मनगटं धरली.

"तिला हात लावू नकोस, अव्वा."

"आई आहे मी तिची."

"हात लावू नकोस."

दवाखाना येईपर्यंत भागूनं ती मनगटं सोडली नाहीत. श्वास आत ओढायला मी सगळं अंग कामाला लावत होते. मला भीती वाटायला हवी होती, पण मला कंटाळा आला होता. इतकं सगळं करून शेवटी चटणीनं मरायचं, एवढंच डोक्यात येत होतं.

तिथल्या डॉक्टरांनी मांडीत सुई मारली. छाती धडधडायला लागली, हात थरथरले, आणि पाच-सात मिनिटांत घशातला दोरा सैल झाला. मग सलाईन, नाकाला ऑक्सिजन. ते डॉक्टर तरुण होते. माझं ऑपरेशनचं सगळं ऐकून ते म्हणाले, "तुमच्या पुण्याच्या मॅडमशी बोलतो." त्यांनी फोन लावून आवाज मोठा केला आणि माझ्या उशाशी ठेवला. एका बाजूला अव्वा उभी, दुसऱ्या बाजूला भागू.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "यांना आधी कधी शेंगदाण्याचा त्रास होता?"

"नाही हो," अव्वा म्हणाली. "शेंगांवरच वाढलीय ती."

"मग ज्यांनी स्टेम सेल दिल्या त्यांना? धाकट्या बहिणीला?"

भागूनं तोंड उघडायच्या आत अव्वा बोलून गेली. "तिचं काय घेऊन बसलात मॅडम. तिची लहानपणापासून थेरं आहेत."

"थेरं म्हणजे नक्की काय होतं त्यांना?"

"काही नाही हो. शेंगदाणा पोटात गेला की ओठ सुजतात. अंगावर पित्त उठतं. कान खाजतात म्हणती. एकदा तर तिचा आवाज..."

अव्वा बोलता बोलता माझ्याकडं बघत होती. माझे ओठ सुजलेले होते. मानेवर गांधी होत्या. आवाज अजून परत आला नव्हता. तिचं वाक्य तिथंच राहिलं आणि फोनवर मॅडम "हॅलो, हॅलो" म्हणत राहिल्या.

"एकदा आवाज गेला होता माझा," भागूनं ते वाक्य पुरं केलं. "सात वर्षांची होते."

"ही ॲलर्जी आहे," मॅडम म्हणाल्या. "फार क्वचित होतं असं, पण होतं. शेंगदाणा आला की त्याच्यावर तुटून पडायचं, हे बहिणीच्या पेशींना माहीत होतं. त्या पेशी इकडं येताना ते सोबत घेऊन आल्या. इतके दिवस आपण औषधांनी त्यांना दाबून ठेवलं होतं. आता औषध कमी केलं आणि त्यांना शेंगदाणा भेटला." मग कागद चाळल्याचा आवाज आला. "पण तुमचा फॉर्म माझ्यापुढं आहे. ॲलर्जीपुढं 'नाही' लिहिलंय. खाली फक्त ॲसिडिटी."

"मी पित्त म्हटलं होतं," भागू म्हणाली.

मॅडमनी विचारलं, "अंगावरचं?"

"हो."

आपल्याकडं पित्त दोन. एक पोटातलं, आंबट ढेकरांचं. दुसरं अंगावर उठतं, लाल, खाजरं. दोन्हींना एकच शब्द. पुण्यात फॉर्म भरून घेणारी मुलगी गोड होती, घाईत होती. तिनं विचारलं, काही ॲलर्जी? भागू म्हणाली, ॲलर्जी नाही, पित्त होतं. कधीपासून? लहानपणापासून. काय घेता? आमसूल. मुलगी म्हणाली, उपाशी राहत जाऊ नका, आणि तिनं लिहून टाकलं.

"मला वाटलं ॲलर्जी म्हणजे औषधांची असते, धुळीची असते," भागू फोनकडं बघून म्हणाली. "याला कुणी ॲलर्जी म्हटलंच नव्हतं कधी."

"तुमची चूक नाही. आणि कळलं असतं तरी आम्ही तुमच्याच पेशी घेतल्या असत्या. दुसरं कुणी जुळतच नव्हतं. फक्त यांना आधीच सावध केलं असतं." मग मॅडम म्हणाल्या, "आता दोघींनीही शेंगदाण्याला हात लावायचा नाही. कूट, तेल, चटणी, काहीच नाही. घरात कुटणंसुद्धा नाही. दोघींना जपायचं."

अव्वा "दोघींना" असं हळूच म्हणाली. मग तिनं आपल्या हातांकडं बघितलं, ते पदराआड घेतले आणि म्हणाली, "मी घरी जाऊन येते." आमच्या कुणाच्या उत्तराची वाट न बघता ती गेली.

मला एक दिवस ठेवून घेतलं. दुपार होती. पंखा कुरकुरत होता. भागू स्टुलावर बसून डुलक्या घेत होती. तिचे पाय सुजले होते, सकाळच्या एसटीनं आली होती बिचारी. मी तिच्याकडं बघत पडले होते आणि मला ती फॉर्म भरून घेणारी मुलगी दिसत होती. कारण त्या खोलीत तिसरी खुर्ची माझी होती. भागू कोणतं पित्त म्हणते ते त्या मुलीला कळलं नव्हतं, भागूलाही त्याचं नाव ठाऊक नव्हतं. मला मात्र चांगलं ठाऊक होतं. मी ते डोळ्यांनी बघितलं होतं, कारण मीच ते घडवलं होतं.

नागपंचमी होती. मी अकरा वर्षांची, भागू सात. आमच्यात पंचमीला लाडवांचे डबेच्या डबे भरतात, तिळाचे, शेंगांचे, बेसनाचे. भागू फक्त बेसनाचे खायची. सगळी बाळगोपाळं शेंगांचे लाडू खातात आणि हिच्यासाठी वेगळे वळायचे, ते वळायचं काम माझ्याकडं. मला वाटलं, एकदा हिचं नाटक उघडं पाडू. कळू न देता खाल्लं आणि काही झालं नाही, की हिला गच्चीवरून खाली ओढता येईल. मी एका बेसनाच्या लाडवाच्या पोटात चिमूटभर कूट भरलं, वरून गोल वळला आणि तिला दिला. तिनं अर्धा खाल्ला. दहा मिनिटांत तिचे डोळे मिटले ते उघडेनात. मग आवाज गेला. अप्पा वैद्याकडं पळाले, अव्वानं आमसुलाचं पाणी चोळलं आणि तिला घोंगडीत गुंडाळलं. पोर वाचली, ते तिच्या नशिबानं. अव्वा म्हणाली, पंचमीचं खाणं बाधलं. मी बोलले नाही.

आणि चोवीस वर्षांनी पुण्यात पुन्हा बोलले नाही. बोलले असते आणि ती मुलगी म्हणाली असती, मग यांचं रक्त चालणार नाही, तर? मला जगायचं होतं. मॅडमनी आज सांगितलं की ते चाललंच असतं. म्हणजे माझं गप्प बसणं कुणाच्याच कामाचं नव्हतं, माझ्यासुद्धा.

"भागू," मी म्हटलं. आवाज घोगरा का होईना, परत आला होता.

"हं. पाणी देऊ?"

"नको. पंचमीचा तो लाडू आठवतोय?"

"आठवतोय की."

"त्यात कूट मी भरलं होतं."

"माहीत आहे," भागू म्हणाली आणि स्टूल जरा पुढं ओढून घेतलं.

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. "मी मुद्दाम भरलं होतं."

"माहीत आहे म्हटलं ना, अक्का."

"कधी कळलं?"

"तेव्हाच. मी घोंगडीत होते. तू कोपरा उचलून आत तोंड घातलंस आणि विचारलंस, कसं वाटतंय गं. अप्पांनी विचारलं नव्हतं, अव्वानं विचारलं नव्हतं. मला कुणी कधी ते विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, ज्या अर्थी ही विचारतीय त्या अर्थी हिला ठाऊक आहे."

"मग सांगितलं का नाहीस अव्वाला?"

"तुला मार बसला असता. मग तू पण विचारायची बंद झाली असतीस."

मी छताकडं बघत पडून राहिले. नाकातली नळी टोचत होती.

"त्यानंतर मी कधी विचारलं का?"

"नाही," भागू म्हणाली. तिनं ते रागानं म्हटलं नाही. बाजारात आज मेथी नव्हती, असं सांगावं तसं सांगितलं.

"पुण्यात फॉर्म भरताना पण मला कळत होतं. मी गप्प बसले."

भागूनं माझ्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "तू घाबरली होतीस. मी पण घाबरले होते. जाऊ दे."

"जाऊ दे काय. चोवीस वर्षं झाली."

"मग काय करू, अक्का? भांडू? तू आत्ता मरता मरता राहिलीस. जरा बरी हो, मग भांडते." ती थोडं हसली. मलाही हसू आलं, पण ओठ सुजलेले, त्यामुळं ते दुखलं.

"जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे" असं अव्वा उठता बसता म्हणायची, दुसऱ्याच्या सुनांबद्दल, दुसऱ्याच्या दुखण्यांबद्दल. मी तर भागूच्या रक्तात गेले तेव्हा मला कळलं. त्याआधी एकाच घरात तेवीस वर्षं काढून कळलं नव्हतं.

"भागू, आपण कुटायला बसलो की तुला काय व्हायचं गं?" मी विचारलं.

तिनं आधी माझ्याकडं नीट बघून घेतलं. मग सांगायला लागली. आधी डोळ्यांच्या कडा. मग टाळू, टाळूला जीभ लावून खाजवावं लागतं. शाळेत डबा खाताना ती खिडकीशी का बसायची. लग्नात आहेराच्या जेवणाला ती पोट दुखतंय का म्हणाली. मैत्रिणीनं प्रेमानं हातावर चिक्की ठेवली की मूठ मिटून गटारीपर्यंत कशी चालत जायची. माहेरच्या अंथरुणावर झोपण्याआधी ती चादर गच्चीवर नेऊन का झटकायची, ज्यावरून मी तिला महाराणी म्हणायची. ती सांगत होती आणि मी "हं" म्हणत होते. नर्स दोनदा येऊन गेली. संध्याकाळी अव्वानं काशव्वाच्या नातवाबरोबर भात पाठवून दिला, पण ती स्वतः आली नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला आम्ही दोघी रिक्षानं घरी आलो. दार उघडं होतं. फरशी ओली. सगळी भांडी अंगणात उन्हात पालथी घातलेली, गोधड्या दोरीवर. उखळाच्या जागी फरशीवर एक गोल पांढरा डाग होता. तेलाचा डबासुद्धा नवा होता, करडईचा. घरात फिनेलचा वास येत होता. उखळ आठ महिने शेडात होतं तेव्हाही भिंतींतून न गेलेला शेंगांचा वास माझ्या आठवणीत पहिल्यांदाच त्या घराला नव्हता.

भागू उंबऱ्यावर थांबली. तिनं सवयीनं ओढणी नाकाकडं नेली, मग हात तसाच खाली आणला. आत आली आणि भिंतीला टेकून खाली बसली. तिला त्या खोलीत अशी बसलेली मी कधी बघितली नव्हती.

मागच्या दारात अव्वा उभी होती. केस ओले, अंगावर धुवट इरकल. सहासष्ट वर्षांची बाई, रात्रभर घर धूत बसली असणार, डोळे खोल गेले होते. ती दारातच थांबली.

"येऊ का आत?" तिनं विचारलं. स्वतःच्या घरात.

मग दोन्ही हात पुढं धरून माझ्याकडं आली. "बघ गं, वास येतोय का. तीनदा साबण लावलाय. नखं पण काढलीत."

नखं अगदी मुळापर्यंत कापली होती. एका बोटाला रक्त आलं होतं.

"मला काय दाखवतीस, अव्वा," मी म्हटलं. "तिला दाखव."

अव्वा वळली. भागूपर्यंत जायला तिला चार पावलं लागली असतील, पण ती फार हळू गेली. भागूच्या पुढ्यात ती कशीबशी गुडघे मोडून बसली आणि हात पुढं केले.

भागूनं आधी दुरूनच वास घेतला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मग ती जवळ वाकली. एकेक बोट हुंगलं, बोटांच्या बेचक्या बघितल्या, मनगटं उलटून बघितली.

"साबणाचा येतोय," ती म्हणाली.

"मग चालंल?" अव्वानं विचारलं.

भागूनं ते हात सोडले नाहीत. "अव्वा, मी एवढंच सांगत होते गं," ती म्हणाली. "लहानपणापासून एवढंच सांगत होते. हात धुऊन ये म्हणत होते, येऊ नको कधीच म्हणाले नव्हते." आणि ते दोन्ही हात तोंडावर ओढून घेऊन ती रडायला लागली. अव्वाही रडत होती, पण हात अडकलेले, त्यामुळं तिला डोळे पुसता येत नव्हते.

मी आत गेले, तांदूळ धुतले आणि कुकर लावला, तिघींचा.